खाडा

माझ्याकडे हजेरीच्या जुन्या वह्या सगळ्या आहेत. बायको दर दिवाळीला साफसफाई काढली की ओरडते, घाला त्या रद्दीत म्हणून, वाळवी लागेल घराला. वडिलांच्या वेळच्या दोन-तीन आहेत त्यातल्या, बाकी माझ्या. मी मालवण-कुडाळच्या पट्ट्यात छोटी कामं घेतो, मुंबईकरांचे बंगले, तारकर्लीकडे होमस्टे, कधी गावातलं मांगराचं (शेतावरच्या गोठ्या-खोपीचं) घर करून दे असलं काहीतरी. त्याआधी तीन वर्षं हायवेच्या चौपदरीकरणावर सुपरवायझर होतो. तर हजेरी हा माझा रोजचा धंदा आहे. आलेल्याला उभी रेघ, अर्ध्या दिवसाला आडवी, खाड्याला फुली. शनिवारी रेघा मोजायच्या, उचल वजा करायची आणि पैसे द्यायचे, फुलीकडे कोण बघतो, फुली म्हणजे त्या दिवसाचे पैसे नाहीत, संपला विषय.

२०१९ साली माझ्याकडच्या एका सेंट्रिंगवाल्याने, म्हणजे स्लॅबचा साचा बांधणाऱ्याने, जीव दिला. विजापूरकडचा होता, तिशीतला, बायको आणि दोन पोरं गावाला. कसा गेला ते मी लिहिणार नाही, ते लिहून कोणाचं भलं होत नाही असं माझं आता पक्कं मत झालंय. साइटवर वर्गणी काढली, गाडी करून गावी पोचवला, आणि चार दिवसांनी त्याचा मेव्हणा हिशोबाला आला. बिचारा खाली मान घालून बसलेला. त्याला हिशोब दाखवायला म्हणून मी वही उघडली.

पहिले चार महिने बघतो तर महिन्याला सव्वीस, सत्तावीस, एकदाच पंचवीस, म्हणजे माणूस आजारी पण पडला नव्हता. मग पुढे पुढे फुल्या. सोमवारचा खाडा कशाचा असतो ते आमच्याकडे शेंबड्या पोराला पण ठाऊक आहे, रविवारची उतरलेली नसते. याचे खाडे सोमवारचे नव्हते. बुधवार, गुरुवार, परत बुधवार, असे मधलेच. आडव्या रेघा वाढल्या, म्हणजे जेवायच्या सुट्टीनंतर परत आलाच नाही. स्लॅबच्या रात्री ओव्हरटाइमला नाव नाही, एरवी तो ओव्हरटाइमसाठी भांडायचा. आणि शेवटचा आठवडा मात्र सहाच्या सहा रेघा उभ्या. मला तो आठवडा आठवत होता, कारण त्यात त्याने सगळ्यांना भजी खिलवली होती आणि मी मनात म्हटलेलं की चला, गाडी रुळावर आली.

नंतर कितीतरी वर्षांनी वाचलं की माणसाचा इरादा ठरला की काही वेळा तो असा अचानक शांत होतो, हसतो-बोलतो, आणि आजूबाजूच्यांना वाटतं सुधारला. तेव्हा हे माहीत नव्हतं. आणि हे सगळं माझ्याच हाताने लिहिलेलं होतं हो, दर संध्याकाळी, माझ्याच बॉलपेनने. मेव्हण्याला म्हटलं उचल माफ आहे, बावीस हजार होती, आणि वही मिटून टाकली. तो गेल्यावर साइटवर जे बोलणं व्हायचं ते झालंच, दारू प्यायचा, भानगड असणार कायतरी, नाहीतर बाहेरचं काही असेल. पंधरा दिवसांत दुसरा सेंट्रिंगवाला आला.

आता आकड्याचं एक सांगतो, मग परत गावात येतो. सरकारचा राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी रिपोर्ट काढतो, त्यात २०२१ साली देशात १,६४,०३३ आत्महत्या नोंदल्यात, आणि त्यातले ४२,००४ जण रोजंदारीवाले. चारात एक! शेतमजूर यात नाहीत, ते वेगळे मोजलेत. रोजंदारीवाल्यांत बांधकामावरचे किती ते रिपोर्टमध्ये वेगळं काढलेलं नाही, पण गवंडी, बिगारी, सेंट्रिंगवाले, फरशीवाले, रंगारी हे सगळे कुठल्या रकान्यात जाणार ते सांगायला नको. शेतकऱ्याच्या आत्महत्येवर विधानसभा बंद पडते, पडलीच पाहिजे, पण गवंड्याच्या वाट्याला पेपरात चार ओळी येतात, त्या पण आतल्या पानावर. अमेरिकेत पण बांधकामावरच्या पुरुषांमध्ये प्रमाण बाकीच्या धंद्यांपेक्षा खूप वर आहे म्हणे, तिथे तर पगार, विमा, सगळं असून. म्हणजे या धंद्यातच काहीतरी आहे.

काय आहे ते मला विचाराल तर पहिलं म्हणजे पैशाची साखळी. घराचे हप्ते ठरलेले असतात, प्लिंथला म्हणजे जोत्याला एवढे, लिंटलला म्हणजे दार-खिडक्यांच्या वरपर्यंत भिंत आली की एवढे, स्लॅबला, प्लास्टरला. मालक मुंबईत. लिंटल होऊन महिना झाला तरी हप्ता येत नाही, फोन केला की मीटिंगमध्ये आहे. मी थांबतो, म्हणून गवंडी थांबतो, म्हणून त्याचा बिगारी थांबतो, आणि बिगाऱ्याच्या घरात बचत गटाचा नाहीतर मायक्रोफायनान्सचा आठवड्याचा हप्ता असतो तो काही थांबत नाही, त्यांची बाई दारात येऊन बसते आणि सगळी वाडी बघते. दुसरं म्हणजे आमचा पाऊस. जून लागला की चिरेखाणी (जांभ्या दगडाच्या) बंद, वाळू बंद, आतलं प्लास्टर असेल तर काम नाहीतर घरी. आणि पाऊस संपायच्या आधी चतुर्थी! कोकणात चतुर्थीला घरात पैसा नसणं म्हणजे काय ते बाहेरच्याला नाही कळणार. माटवी (गणपतीच्या वरची सजावट), सामान, मुंबईची माणसं येणार, भजन येणार, त्यांना उसळपाव तरी पाहिजे. ज्याने अडीच महिने कमावलेलं नाही त्याच्यावर हे सगळं येतं.

आणि तिसरं अंग. पन्नाशीच्या गवंड्याची कंबर आणि गुडघे बघा एकदा. परांचीवरून पडलेला असतो कधीतरी, तेव्हा हाड जोडून घेतलेलं, पण दुखणं राहिलेलं. ते दाबायला गोळी, गोळी पुरत नाही म्हणून संध्याकाळी क्वार्टर, गोव्याची स्वस्त मिळते आमच्याकडे, झोप येते पण तीनला उघडते आणि मग पहाटेपर्यंत माणूस आढ्याकडे बघत पडून राहतो.

हेच सगळं बाबलदादाचं होतं. (नाव बदललंय, पण आमच्याकडे दर वाडीत एक बाबल असतोच.) माझ्या वडिलांबरोबर काम केलेला माणूस. चिऱ्याचं बांधकाम असं की प्लास्टर करायला जीव होऊ नये, सांधा मारला की मोजपट्टीने आखल्यासारखा. मला लहानपणापासून बाबू म्हणतो, अजून. गेल्या पावसाआधी एक घर लिंटलपर्यंत आणलं होतं त्याने आणि मालकाने हप्ता अडकवला, म्हणजे मीच अडकवला म्हणा, त्याच्या दृष्टीने पैसे देणारा मीच. त्याच्या पोरीचं डीएडचं काहीतरी फीचं होतं ते पण मला माहीत होतं.

आणि एक दिवस आमचा बिगारी पोरगा, झारखंडचा, एकोणीस-वीसचा, मला खुशीत येऊन दाखवतो, ये देखो चाचा ने दिया. हातात बाबलदादाचा ओळंबा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ओळंबा म्हणजे भिंत सरळ उभी आहे का बघायचं ते दोरीला लावलेलं वजन. हा पितळेचा, जुना, त्याच्या उस्तादाने त्याला दिलेला, टोक झिजून गोल झालेलं. हल्ली लेझर लेव्हल आली तरी बाबलदादा ओळंबा सोडून भिंत चढवायचा नाही. कोणी हात लावला तर शिवी. तो त्याने एका बिगाऱ्याला देऊन टाकला होता, दोरीसकट. त्याची थापी पण दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कोणाला तरी दिल्याचं कळलं.

मी घरी येऊन चालू वही काढली. जूनचे दोन आठवडे आणि मेचा शेवट. बुधवार, गुरुवार. आडव्या रेघा.

खरं सांगतो, रात्रभर मला झोप नाही. मनात एकच, विचारू कसं. आपण विचारलं आणि त्याच्या डोक्यात नसलेलं घातलं तर? ही भीती सगळ्यांना असते, आणि ती चुकीची आहे. विचारल्यामुळे कोणी करत नाही, उलट बऱ्याच जणांना हायसं वाटतं की चला कोणाला तरी दिसलं. हे डॉक्टर लोक गेली कित्येक वर्षं सांगताहेत, संशोधनातून आलेलं आहे. पण विचारायचं सरळ, गोल गोल नाही. सगळं ठीक ना, टेन्शन घेऊ नको, असं विचारलं की उत्तर ठीक असंच येतं. आणि ‘असला काही वेडेपणा तर करणार नाहीस ना’ हे तर विचारूच नये, त्यात नाही म्हण असं आपणच सांगत असतो.

दुसऱ्या दिवशी पाऊस होता, काम नव्हतं. त्याला म्हटलं चल सामान बघून येऊ, आणि साइटवरच्या सिमेंटच्या खोलीत आम्ही दोघं गोणींवर बसलो. पत्र्यावर पाऊस एवढा की मोठ्याने बोलायला लागत होतं, ते बरंच झालं, एकमेकांकडे बघायला लागलं नाही. आधी पैशाचं बोललो. मग विचारलं, बाबलदादा, जीव देवचो इचार येता काय तुज्या मनात?

तो नखातलं सुकलेलं सिमेंट काढत होता. ते काढतच राहिला, एक बोट झालं, दुसरं झालं. मग म्हणाला, येता रे बाबू.

एवढंच. पुढे मी काय शहाणपणाचं बोललो असेन असं वाटत असेल तर तसं काही नाही, मला काही सुचलंच नाही, मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि बसून राहिलो. पोरांकडे बघ, असे दिवस जातात, तू किती धीराचा, यातलं एकही वाक्य तोंडातून गेलं नाही हे माझं नशीब, कारण ते ऐकून माणूस गप्प होतो. थोड्या वेळाने तोच बोलायला लागला. कंबर, झोप, पोरीची फी, जावयासमोर झालेला अपमान, आणि एक वाक्य, मी ऱवलंय तर सगळ्यांका भार, म्हणजे मी राहिलो तर सगळ्यांना ओझं. ते वाक्य कोणाच्या तोंडून आलं तर तिथेच थांबायचं आणि त्याला एकटं सोडायचं नाही, हे मी आता सगळ्यांना सांगतो.

तिथूनच १४४१६ ला फोन लावला. टेली-मानस, केंद्र सरकारची हेल्पलाइन, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली, फुकट, चोवीस तास. आधी भाषा निवडायला सांगतात, मग पलीकडे बाई आल्या, मराठीत. मी फोन स्पीकरवर ठेवायला गेलो तर पावसात काही ऐकू येईना, म्हणून तो त्याच्या कानाला दिला आणि मी बाहेर पागोळीखाली जाऊन उभा राहिलो. वीस-पंचवीस मिनिटं बोलला असेल. एवढं सलग त्याला मी आयुष्यात बोलताना बघितलेलं नाही. त्या रात्री त्याच्या मेव्हण्याला बोलावलं, घरात जे काय धोक्याचं वाटलं ते मेव्हण्याने गुपचूप आपल्या घरी नेलं, आणि दोन रात्री मेव्हणा बाबलदादाकडेच झोपला. हे काम फार महत्त्वाचं आहे, कारण ती लाट बऱ्याचदा थोड्या वेळाची असते, त्या वेळेत हाताशी काही नसलं आणि शेजारी माणूस असला की माणूस वाचू शकतो.

मग सरकारी दवाखान्यात, मानसोपचाराच्या ओपीडीला. तिथे न्यायला खरी लढाई होती. आमच्याकडे कोणी जरा विचित्र वागला की म्हणतात याला रत्नागिरीला पाठवा. राज्यातली जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं, ठाणे, पुणे, नागपूर आणि आमची रत्नागिरी, म्हणून हा जोक. मी पण हजारदा मारलाय, साइटवर, बाबलदादाच्या समोर. तेव्हा तो मला म्हणतो, बाबू, माका रत्नागिरीक धाडतलंस? काय उत्तर देणार. ज्याला उपचार लागतील त्याच्या वाटेत आम्ही हसत हसत गडगा घालून ठेवलाय.

त्याच्या बायकोने देवळात जाऊन कौल घेतला. घेऊ दे. मला त्यात काही वाईट वाटत नाही, गाऱ्हाणं घालून माणसाला जरा बळ येत असेल तर घाला, पण केसपेपर पण काढा, आणि गाऱ्हाणं घातलं म्हणून गोळी बंद करू नका. पोलीस केसची पण भीती असते लोकांना, एखाद्याने प्रयत्न केला आणि वाचला तर घरचे दवाखान्यात खोटं सांगतात, पडला म्हणतात, चुकून झालं म्हणतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातच आहे, कलम ११५, की असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, शिक्षा करायची नाही आणि सरकारने त्याची काळजी घ्यायची. आणि जुन्या दंडविधानातलं आत्महत्येच्या प्रयत्नाचं ३०९ कलम तर १ जुलै २०२४ पासून आलेल्या न्याय संहितेत राहिलेलंच नाही. सरकारी माणसाला अडवायला म्हणून कोणी असलं काही केलं तर ते कलम वेगळं. बाकी डॉक्टरला खरं सांगा, खोट्यावर उपचार होत नाही.

गोळ्या लगेच लागू पडत नाहीत हे पण सांगून ठेवतो. दोन-तीन आठवडे, कधी जास्त. बाबलदादाने दहाव्या दिवशी बंद केल्या, काय फरक नाय म्हणून. डॉक्टरांनी शिव्या नाही दिल्या, परत समजावलं, परत चालू केल्या. कंबरेसाठी वेगळा डॉक्टर. दारू सुटलेली नाही, कमी झालीय. सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही, चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात एक रात्र वाईट गेली त्याची, पण त्या रात्री त्याने स्वतः फोन केला मला, पावणेतीनला.

पैशाचं म्हणाल तर मी सोसायटीतून कर्ज काढून त्याचे पैसे चुकते केले, जे मी मेमध्येच करायला पाहिजे होतं. मालकाकडून मला अजून यायचेत. आणि त्याची बांधकाम कामगार म्हणून नोंदणी केली. याची मला लाज वाटते. १९९६ च्या कायद्यापासून बांधकामाच्या खर्चावर एक टक्का सेस (उपकर) घेतात, त्यातून कामगारांसाठी मंडळ चालतं, आणि नोंदणीला वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो, तो देणारा कोण, तर माझ्यासारखा ठेकेदार. कागदात आपलं नाव नको म्हणून आम्ही तो देत नाही. तीस वर्षं भिंती बांधलेल्या माणसाकडे तो बांधकाम कामगार असल्याचा एक कागद नव्हता!

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडला २००८ पासून ‘मेट्स इन कन्स्ट्रक्शन’ म्हणून चळवळ आहे, साइटवरच्याच लोकांना शिकवतात, कोणाकडे लक्ष ठेवायचं, कसं विचारायचं, पुढे कोणाकडे न्यायचं. शिकलेल्याच्या हेल्मेटवर स्टिकर असतो, म्हणजे बोलावंसं वाटलं तर कोणाकडे जायचं ते कळतं. आमच्याकडे हेल्मेटच नाही तर स्टिकर कुठे लावू. हायवेच्या कामावर रोज सकाळी टूलबॉक्स टॉक व्हायचा, हार्नेस लावा, बूट घाला, त्यात हे दोन मिनिटं आलं असतं तर कोणाचं काय गेलं असतं? तिथे कंटेनरमध्ये आठ-आठ जण राहायचे, बिहार, झारखंड, रात्री दहानंतर एकेक जण फोन घेऊन खडीच्या ढिगावर जाऊन बसायचा आणि हळू आवाजात घरी बोलायचा. कोणी नुसता फोन धरून बसलेला असायचा. मी टॉर्च मारून विचारायचो, क्या कर रहा है, सो जा. त्यावेळी एवढंच यायचं मला.

आता मी वहीत एक रकाना वाढवलाय. खाड्याच्या फुलीपुढे कारण लिहायचं. ताप, लग्न, बाजार, पोराची शाळा, काय असेल ते. कारण लिहायचं म्हणजे विचारायला लागतं, आणि विचारलं की निम्मं तिथेच कळतं. ‘असंच’ हे उत्तर दोनदा आलं की मी तिसऱ्या वेळी चहाला बसवतो. सुरुवातीला पोरं म्हणायची शेट पगार कापायला विचारतो, आता सवय झाली. १४४१६ वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिलाय आणि सिमेंटच्या खोलीच्या दाराला आतून ऑइल पेंटने. तिथे हिंदी, कन्नड पण बोलतात, म्हणून झारखंडच्या पोरांना आणि विजापूरवाल्यांना पण दाखवून ठेवलाय.

ओळंब्याचं राहिलं. दिवाळीनंतर काम सुरू झालं तेव्हा त्या पोराने भिंत धरायला घेतली होती, शिकतोय तो. बाबलदादा लांब बसून बघत होता, डॉक्टरांनी वजन उचलायला बंदी केलीय. तिसऱ्या थराला उठला, पोराच्या हातातून ओळंबा ओढून घेतला, दोरी सोडली, एक डोळा मिटून बघितलं आणि अशी एक मालवणी शिवी हासडली की खालचे बिगारी थांबले. तीन सूत बाहेर होती भिंत. पोराला कळली नाही शिवी, पण चिरे त्याने स्वतःच उतरवले.

ओळंबा दोघं मिळून वापरतात आता, रात्री कोणाकडे राहतो मला माहीत नाही. उद्या त्याच घराचा स्लॅब आहे. मिक्सरवाला सातला येतो म्हणालाय, म्हणजे नऊ.